अर्धी खुर्ची

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याकडून आपण काय घेतले, याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले, संयुक्त राष्ट्रसंघापुढे काळ्यांनी मांडलेल्या निवेदनाची प्रत मागितली, आणि दुबॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तरही आले. म्हणजे ही देवघेव जुनी आहे. पुढे १९६६ च्या ऑक्टोबरात ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात ते नाते उघडपणे सांगितले गेले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी निग्रो साहित्याची ओळख करून दिली आणि आपल्या कवितेला, आत्मकथनांना एक दूरचा भाऊ मिळाला. हे सगळे आवश्यक होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ज्या ओकलंडमधून आपण पँथर उचलला, त्याच ओकलंडमधून १९७० मध्ये एक काळा माणूस अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात निवडून गेला आणि १९९८ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, तिथे राहिला. तो उघडपणे समाजवादी होता, उघडपणे युद्धविरोधी होता. रॉन डेलम्स हे त्याचे नाव. आपल्या चर्चासत्रांत न्यूटन येतो, माल्कम एक्स येतो, मार्टिन ल्यूथर किंग येतात. डेलम्स मला क्वचितच भेटला. आपल्याला बंदूक घेतलेला काळा माणूस समजतो, कविता लिहिणारा समजतो, गोळी खाऊन मेलेला तर फारच समजतो. पण अंदाजपत्रकाच्या कागदांवर वर्षानुवर्षे डोके खपवणारा, दुरुस्त्या मांडणारा, हरणारा, पुन्हा मांडणारा काळा माणूस आपल्या कल्पनेत बसत नाही. संसदेत गेला की तो विकला गेला, असे आपण गृहीत धरतो. त्या गृहीताला आपल्याकडे भरपूर आधार आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणूनच या माणसाचा विचार करायला हवा.

डेलम्सचा जन्म १९३५ चा, ओकलंडचाच. वडील गोदी कामगार. चुलते सी. एल. डेलम्स हे रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत काम करणाऱ्या काळ्या हमालांच्या संघटनेचे, म्हणजे ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या संघटनेचे, एक मोठे पुढारी. युनियनची भाषा त्याच्या घरातच होती. १९५४ ते १९५६ तो मरीन दलात होता. नंतर शिकला, बर्कलेच्या विद्यापीठातून समाजकार्याची पदवी घेतली, मनोरुग्णांसाठी काम करणारा सामाजिक कार्यकर्ता झाला, १९६७ मध्ये बर्कलेच्या नगरपरिषदेवर निवडून आला. इथवरची हकीकत आपल्याकडच्या एखाद्या शिकलेल्या कार्यकर्त्याची असते तशीच.

१९७० ची निवडणूक मात्र तशी नव्हती. डेलम्सने स्वतःच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचा विद्यमान प्रतिनिधी जेफ्री कोहेलन याला प्राथमिक निवडणुकीत पाडले. कोहेलन हा काही प्रतिगामी नव्हता. कामगार संघटनांचा मित्र आणि नागरी हक्कांचा समर्थक असा तो उदारमतवादी गोरा गृहस्थ होता. त्याचा दोष एवढाच की व्हिएतनामच्या युद्धाबाबत तो फार उशिरा आणि फार हळू बोलला. आणि ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की या मतदारसंघात बहुसंख्य मतदार गोरे होते. बर्कलेचे विद्यार्थी, युद्धाला विरोध करणारे गोरे मध्यमवर्गीय, ओकलंडच्या काळ्या वस्त्या, मेक्सिकन वंशाचे लोक, आणि त्यांच्या मागे पँथर, अशी ती आघाडी होती. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू याने त्या निवडणुकीत डेलम्सला जहाल ठरवून त्याच्यावर हल्ला चढवला. डेलम्सने उत्तर दिले की युद्धाच्या क्रौर्याला, वंशद्वेषाला आणि दारिद्र्याला विरोध करणे म्हणजे जहालपणा असेल, तर ते नाव मला अभिमानाने मान्य आहे. आणि तो निवडून आला.

इथे आपल्याकडचा एक जुना प्रश्न उभा राहतो. १९३२ च्या पुणे करारापासून आपण सांगत आलो की संयुक्त मतदारसंघातून राखीव जागेवर येणारा माणूस सवर्ण मतांवर येतो, म्हणून तो सवर्णांना आणि त्यांच्या पक्षांना उत्तर देतो. कांशीराम यांनी १९८२ मध्ये ‘चमचा युग’ लिहिले ते याच गोष्टीवर. स्वतः बाबासाहेब १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात पराभूत झाले, याहून मोठा पुरावा कोणता हवा? मग गोऱ्यांच्या मतांवर आलेला डेलम्स चमचा का झाला नाही? त्याच्या चारित्र्याचे गुणगान करून हे उत्तर मिळणार नाही. मला वाटते, ज्या गोऱ्यांनी त्याला मते दिली ते एका प्रश्नावर संघटित होते, आणि त्या प्रश्नावर तो डगमगला असता तर कोहेलनला पाडले तसे त्यांनी त्यालाही पाडले असते. त्याला उमेदवारी पक्षश्रेष्ठींनी दिली नव्हती, लोकांनी श्रेष्ठींच्या हातून ती हिसकावून घेतली होती. अमेरिकेतल्या प्राथमिक निवडणुकीच्या पद्धतीमुळे हे शक्य झाले. आपल्याकडे तिकीट दिल्लीत वाटले जाते. हा फरक व्यवस्थेचा आहे, आणि आपण तो नेहमी माणसांच्या माथी मारतो.

काँग्रेसमध्ये गेल्यागेल्या, १९७१ च्या जानेवारीत, डेलम्सने आपल्या कार्यालयाच्या एका खोलीत व्हिएतनाममधल्या अमेरिकन अत्याचारांच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले. सभागृहाने या गुन्ह्यांची अधिकृत चौकशी करावी अशी त्याची मागणी होती. ती मिळाली नाही. मग एप्रिलमध्ये त्याने स्वतःच अनधिकृत सुनावणी घेतली आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांना बोलते केले. या सुनावणीमागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. माय लाय गावात १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र माणसे मारली होती, आणि १९७१ च्या मार्चअखेर त्याबद्दल लेफ्टनंट कॅली या एका कनिष्ठ अधिकाऱ्याला दोषी ठरवले गेले.  एक वाईट माणूस सापडला, प्रकरण मिटले. डेलम्स विचारत होता की गोळी झाडणारा एक असेल, पण ज्या गावात जे दिसेल ते मारायचे हे धोरण कोणी ठरवले? प्रेतांची संख्या म्हणजे विजय, हे गणित कोणत्या मंत्रालयात बसले होते?

हा प्रश्न आपल्याला कोणी शिकवायला नको. त्याच १९६८ च्या २५ डिसेंबरला तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या किळवेण्मणी गावात चव्वेचाळीस दलित शेतमजूर, त्यांच्या बायका, त्यांची मुले एका झोपडीत जाळली गेली. मजुरी थोडी वाढवून मागितली हा त्यांचा अपराध. पुढे उच्च न्यायालयाने जमीनदारांना निर्दोष सोडले. आपल्याकडे तर कॅलीसुद्धा सापडत नाही. पण अत्याचाराला अपवाद मानायचे, एखाद्याच्या डोक्यावर खापर फोडायचे आणि धोरण तसेच ठेवायचे, ही प्रस्थापितांची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. डेलम्सच्या युद्धविरोधाचे मूळ इथे आहे. शांतता हे सुंदर मूल्य आहे म्हणून तो बोलत नव्हता. मरणारा व्हिएतनामी शेतकरी आणि मारायला पाठवलेला काळा मुलगा यांचे नाते त्याला दिसत होते. युद्धाच्या पहिल्या वर्षांत, १९६५-६६ च्या सुमारास, लढाईत मरणाऱ्या अमेरिकनांपैकी काळ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास होते, तर लोकसंख्येत ते अकरा टक्के. किंग यांनी ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये हेच सांगितले, आणि मुहम्मद अलीने त्याच महिन्यात सैन्यात जायला नकार दिला. किंग यांच्या भाषणानंतर त्यांचे कित्येक उदारमतवादी मित्र तुटले. नागरी हक्कांपुरते बोला, परराष्ट्र धोरण तुमचा विषय नव्हे, असे त्यांना बजावले गेले.

‘तुमचा विषय’ ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. दलिताने शिष्यवृत्तीवर बोलावे, वसतिगृहावर बोलावे, अत्याचारावर बोलावे. संरक्षण, अर्थ, परराष्ट्र हे विषय आपले नाहीत, हे आपल्याला कोणी उघड सांगत नाही. आपणच ते मानून चालतो. १९७३ मध्ये डेलम्स सशस्त्र सेना समितीवर गेला तेव्हा त्याला ते उघड सांगितले गेले. समितीचे अध्यक्ष होते लुइझियानाचे एफ. एडवर्ड हेबर्ट, दक्षिणेतले जुने डेमोक्रॅट. त्याच वेळी कोलोराडोहून पॅट श्रोडर नावाची एक तरुण स्त्री त्या समितीवर आली. हेबर्टना दोघेही नको होते. स्त्री आणि काळा माणूस यांची किंमत एका सदस्याच्या निम्मीच, असा हिशेब करून त्यांनी या दोघांसाठी एकच खुर्ची ठेवली. श्रोडर यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. दोघे एका खुर्चीवर कूल्ह्याला कूल्हा लावून बसले आणि तमाशा न करता कामकाज चालवत राहिले.

सवर्णाच्या दारातली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या खुर्चीबद्दल अधिक सांगावे लागू नये. आपल्या एखाद्या पुढाऱ्याने या प्रसंगी खुर्ची उचलून फेकली असती आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो छापून आला असता. तेही चूक नव्हे. काही वेळा खुर्ची फेकावीच लागते. पण डेलम्सला ती समिती हवी होती, कारण अमेरिकेचा पैसा तिथून वाहत होता. शिक्षण, आरोग्य, घरे यांच्या समित्यांवर काळे सदस्य आधीपासून होते आणि तिथे पैसे नाहीत असे उत्तर त्यांना मिळत होते. पैसे कुठे जातात हे पाहायचे तर लष्कराच्या दारातच बसायला हवे, असा त्याचा विचार होता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइंग डाउन विथ द लायन्स’ या त्याच्या आत्मचरित्राचे नावही हेच सांगते. बायबलमध्ये लांडगा आणि कोकरू, वासरू आणि सिंह शेजारी शेजारी येतात. हा कोकराच्या बाजूने सिंहाच्या गुहेत जाऊन निजला.

तिथे त्याने काय केले? बहुतेक वेळा तो हरला. एमएक्स क्षेपणास्त्राविरुद्ध तो आरंभापासून उभा राहिला. दोनशे क्षेपणास्त्रांची मूळ योजना पन्नासावर अडली, पण ती एकट्याची करामत नव्हती. बी-२ या बाँबफेकी विमानाच्या बाबतीत मात्र गोष्ट शिकण्यासारखी आहे. सरकारला अशी १३२ विमाने हवी होती. डेलम्सने या लढ्यात जॉन केसिक या रिपब्लिकन सदस्याशी हातमिळवणी केली. केसिक युद्धविरोधी नव्हता. त्याला सरकारी खर्च कापायचा होता, एवढेच. एकाला शाळा हव्या होत्या, दुसऱ्याला कर कमी हवे होते, पण विमान दोघांनाही नको होते. शेवटी एकवीसच विमाने बांधली गेली. शीतयुद्ध संपल्याचा त्यात मोठा वाटा होता हे खरे. तरी तत्त्व न सोडता शत्रूच्या तंबूतल्या माणसाशी एका मर्यादित गोष्टीवर करार करता येतो, हे त्याने दाखवले. आपल्याकडे असा करार झाला की त्याची सोयरीक होते, आणि सोयरीक झाली की कराराचा विषय कोणाच्या लक्षात राहत नाही.

त्याची सर्वांत मोठी लढाई दक्षिण आफ्रिकेची. पोलरॉइड कंपनीतल्या काही काळ्या कामगारांना १९७० मध्ये कळले की आपण बनवतो त्या छायाचित्र यंत्रणेतून दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारची पासबुके तयार होतात. प्रत्येक काळ्या माणसाने बाळगायचे ते परवाने. त्या कामगारांची हाक काँग्रेसमधल्या काळ्या सदस्यांच्या गटापर्यंत पोचली, आणि १९७२ मध्ये डेलम्सने दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकन भांडवल काढून घेण्याचा ठराव मांडला. कोणी लक्ष दिले नाही. तो मांडतच राहिला. चौदा वर्षांनी, १९८६ च्या जूनमध्ये, सभागृहासमोर एक सौम्य विधेयक असताना डेलम्सने आपले कडक विधेयक पर्याय म्हणून मांडले. विरोधकांनी हिशेब केला की हे इतके टोकाचे आहे की पुढे ते आपोआप मरेल, म्हणून त्यांनी मतमोजणीही मागितली नाही. आवाजी मतदानाने ते मंजूर झाले. सिनेटने ते खूप पातळ केले, पण आता पातळ झालेलेसुद्धा पूर्वीच्या कशाहूनही कडक होते. अध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला. प्रतिनिधीगृहाने ३१३ विरुद्ध ८३ मतांनी आणि सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी तो उलथवला. परराष्ट्र धोरणाच्या प्रश्नावर अध्यक्षाचा नकाराधिकार असा मोडला जाणे फार दुर्मिळ होते.

हा विजय कोणाचा, याबद्दल मी थोडा हट्टी आहे. विद्यापीठांत भांडवल काढून घेण्यासाठी बसलेली मुले, दूतावासासमोर अटक होणारी माणसे, सोवेटोच्या रस्त्यावर मेलेली पोरे, त्या पोलरॉइडच्या कारखान्यात नोकरी पणाला लावणारे कामगार यांच्याशिवाय डेलम्सचा कागद कागदच राहिला असता. पण तो कागद चौदा वर्षे तयार नसता तर १९८६ च्या त्या दुपारी हातात काय असते? चळवळ पेटते तेव्हा तिला सभागृहात लिहून ठेवलेला मसुदा लागतो, आणि तो आधी अनेक वर्षे हास्यास्पद दिसत असतो. आपल्या चळवळीने मोर्चे फार काढले, मसुदे फार थोडे ठेवले. नामांतराच्या लढ्यात सोळा वर्षे रक्त सांडलेल्या चळवळीबद्दल हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते लिहिलेच पाहिजे.

आता डेलम्सच्या भूमिकेतली जी गाठ मला सुटत नाही तिच्याकडे येतो. ओकलंडमध्ये काळी वस्ती आली कुठून? १९४० मध्ये तिथे सुमारे ८,५०० काळे लोक होते. १९५० मध्ये ते ४७,००० हून अधिक झाले. लुइझियाना, टेक्सस, अर्कान्सा इथून ते आले ते दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणीच्या कामावर. म्हणजे ज्या वस्तीने हा युद्धविरोधी माणूस निवडून दिला ती वस्तीच युद्धाने वसवली होती. युद्धानंतरही नौदलाचे तळ, कोठारे, दुरुस्ती कारखाने हेच तिथल्या काळ्या कामगाराचे पक्के, पेन्शनचे काम राहिले. १९९३ च्या जानेवारीत डेलम्स सशस्त्र सेना समितीचा अध्यक्ष झाला. त्या पदावर बसलेला हा पहिला काळा माणूस. ज्या समितीत अर्धी खुर्ची मिळाली होती तिची मधली खुर्ची आता त्याची होती. आणि त्याच वर्षी तळ बंद करण्याच्या यादीत त्याच्याच मतदारसंघातले नौदलाचे मोठे तळ आले. अलामेडाचा नौदल विमानतळ १९९७ मध्ये बंद झाला. लष्करी कामाचे नागरी कामात रूपांतर करावे, बंद तळांवर उद्योग आणि घरे उभी करावीत, असे डेलम्स वर्षानुवर्षे मांडत आला होता. योजना बरोबर होती. पण ज्या यंत्रकामगाराची नोकरी गेली त्याला योजना खाता येत नाही, आणि त्या जमिनीवर काही उभे राहायला पुढे दशके गेली.

ही गाठ आपल्या घरातलीही आहे. महार समाजाला प्रथम अक्षर मिळाले ते पलटणीत. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिक्षक होते म्हणून भीमराव शिकला. १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकर यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केला. १९४१ मध्ये महार पलटण पुन्हा उभी राहिली ती बाबासाहेबांच्या प्रयत्नाने. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण असलेल्या कोरेगावच्या स्तंभाला ते १९२७ मध्ये स्वतः गेले. खडकी, देहूरोड, कामठी इथल्या छावण्यांनी आणि दारूगोळ्याच्या कोठारांनी आपल्या किती पिढ्या पोसल्या! देहूरोडच्या कोठारातल्या कामगारांच्या वस्तीतच बाबासाहेबांच्या हस्ते २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना झाली. दारूगोळ्याच्या पगारातून आलेल्या वर्गणीने बुद्ध बसला, असे कोणी म्हटले तर ते चेष्टा म्हणून घेऊ नये; आपला इतिहास इतका गुंतागुंतीचा आहे.

म्हणून बाबासाहेबांना सरसकट युद्धविरोधी ठरवण्याचा मोह मी टाळतो. ते तसे नव्हते. १९१८ मध्ये रसेलच्या पुस्तकावर लिहिताना त्यांनी बळ आणि हिंसा यांत फरक केला. बळाचा त्याग त्यांना मान्य नव्हता. हिटलरविरुद्धच्या युद्धाला त्यांचा पाठिंबा होता. ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’ या निबंधातही न्यायासाठी बळ वापरावे लागते तेव्हा काय, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. पंचशीलावर तर त्यांनी राज्यसभेत कडक टीका केली. पण १० ऑक्टोबर १९५१ चे राजीनाम्याचे निवेदन काढून पाहावे. लोकसभेच्या पूर्वीच्या त्या सभागृहात त्यांना ते वाचू दिले नाही, ते बाहेर पडले आणि वृत्तपत्रांना दिले. हिंदू कोड बिलाचे कारण सर्वांना पाठ आहे. अनुसूचित जातींची उपेक्षा हेही कारण आठवते. परराष्ट्र धोरणाचा भाग मात्र आपण वगळून वाचतो. वर्षाच्या सुमारे ३५० कोटी महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, आणि हा प्रचंड खर्च चुकलेल्या परराष्ट्र धोरणाचे फळ आहे, असे ते तिथे सांगतात. काश्मीरवर त्यांनी सुचवलेला मार्ग पटो वा न पटो, पण विधिमंत्री असलेला अस्पृश्य नेता आपल्या राजीनाम्यात लष्कराच्या खर्चाचा आकडा मांडतो ही गोष्ट मला डेलम्सच्या अगदी जवळची वाटते. ‘तुमचा विषय’ ही कुंपणे त्यांनी तेव्हाच ओलांडली होती. आपण पुन्हा आत येऊन बसलो.

१९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला तेव्हा त्याच्याशी हसऱ्या बुद्धाचे नाव जोडले गेले. १९९८ चा स्फोट ११ मे रोजी, वैशाख पौर्णिमेला झाला. ज्या समाजाने १९५६ मध्ये बुद्ध स्वीकारला त्याच्या लेखकांना या नामकरणाबद्दल काय म्हणायचे आहे? देवाच्या मूर्तीची विटंबना झाली तर आपण रस्त्यावर येऊ. बुद्धाच्या नावाने अणुबाँब हसवला तर तो संरक्षण खात्याचा विषय!

डेलम्सला मी देव्हाऱ्यात बसवू इच्छित नाही. अध्यक्षपद दोनच वर्षे टिकले. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी सभागृह जिंकले. त्या दोन वर्षांत त्याच्या समितीतून गेलेल्या कायद्यात समलिंगी सैनिकांना गप्प बसवणारे कलम आले, आणि त्याचा स्वतःचा त्याला विरोध होता. अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला माणूस बहुमतापुढे किती छोटा असतो हे त्याने अनुभवले. दुसरीकडे, १९९४ च्या एप्रिलमध्ये हैतीच्या निर्वासितांसाठी व्हाइट हाऊससमोर निदर्शने करताना सशस्त्र सेना समितीचा हाच अध्यक्ष अटक करवून घेतो. अशी दृश्ये आपल्या मंत्र्यांकडून पाहायला मिळत नाहीत. काँग्रेस सोडल्यावर त्याने कंपन्यांसाठी आणि संस्थांसाठी सरकारदरबारी रदबदली करण्याचा व्यवसाय केला, हे मला खुपते. २००७ ते २०११ तो ओकलंडचा महापौर होता आणि ती कारकीर्द फिकी ठरली; लोकांनी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवल्या होत्या आणि तो वारंवार दिसेनासा होई. त्याचे आत्मचरित्रही सभागृहाच्या आतून लिहिलेले आहे. दुरुस्त्या, ठराव, मतविभागणी यांचे तपशील त्यात ताकदीने येतात. ज्यांच्या नावाने हे सारे चालले त्यांचा आवाज मात्र दुरून येतो. आपल्या आत्मकथनांचा वाचक तिथे उपाशी राहील. २०१८ च्या जुलैत डेलम्स वारला.

त्याच्या कार्यालयात काम करून तयार झालेल्या बार्बरा ली १९९८ मध्ये त्याच्या जागेवर निवडून आल्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी अध्यक्षाला जवळजवळ अमर्याद युद्धाधिकार देणारा ठराव आला. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य. प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध एक. ते एक मत बार्बरा लींचे. त्यांना धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावे लागले, देशद्रोही म्हणून शिव्या पडल्या. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्या पुन्हा त्याच मतदारसंघात उभ्या राहिल्या आणि ८० टक्क्यांहून अधिक मते घेऊन निवडून आल्या.